चराऊ कुरणाला झटक्याचे कुंपण घालावे की गुराखीच ठेवावा?

माळवा-शेत (धागाकर्ता)

महूहून चोरलच्या दिशेने जाताना आमची दहा बिघे जमीन लागते. तीन वर्षांपूर्वी त्यांतल्या चार बिघ्यांत आम्ही सोयाबीन घेणे थांबवले आणि मारवेल व पवना ही गवते राखली. त्यावर सात माळवी गाई आणि त्यांची वासरे चरतात. मी इंदूरला राहतो व आठवड्यातून तीन दिवस शेतावर असतो. ज्या घराने दोन पिढ्या आमची गुरे राखली, त्या घरातील मुले आता पीथमपूरच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांनी जावे हे मला योग्यच वाटते. पण गुरांमागे दिवसभर चालणारा माणूस त्यामुळे उरलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गाई शेजाऱ्यांच्या उभ्या सोयाबीनमध्ये शिरल्या. भरपाई मी विनातक्रार दिली, तरी दोन घरांत आलेला कडवटपणा अजून गेलेला नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की आपल्या भागातील लहान गोपालकांनी आता सौर झटका मशीन लावून कुंपण करावे. गावात या यंत्राविषयी भीती आहे, आणि तिचे कारणही मला ठाऊक आहे : काही लोक खांबावरून आकडा टाकून तारेत थेट वीज सोडतात आणि त्यात माणसे व जनावरे मरतात. तो प्रकार म्हणजे वीजचोरी आहे, वीज अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे, आणि त्याचा झटका मशीनशी काहीही संबंध नाही. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहत राहतो, स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सुटत नाही. झटका मशीन तारेत पाच ते दहा हजार व्होल्टचा दाब सोडते, पण तो सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशापुरता, आणि दोन झटक्यांमध्ये सुमारे एका सेकंदाचा अवकाश असतो. तेवढ्यात जनावर मागे सरते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ३०२, भाग २, विभाग ७६ मध्ये या यंत्रांसाठी वेगळी सुरक्षा-मानके आहेत.

माझी योजना अशी आहे की बांधावरची जुनी काटेरी तार तशीच ठेवून तिलाच यंत्र जोडावे, आत पॉलीवायरने (धातूच्या बारीक तारा विणलेल्या, सहज हलवता येणाऱ्या प्लास्टिकच्या दोरीने) कुरणाचे सहा तुकडे करावेत आणि दर चार-पाच दिवसांनी गुरे पुढच्या तुकड्यात न्यावीत, म्हणजे चरलेल्या गवताला पुन्हा वाढायला वीस ते पंचवीस दिवस मिळतील. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपली कारणे अवश्य लिहावीत.

चरनोई

मला हे पटत नाही, आणि माझा विरोध यंत्राच्या भीतीतून आलेला नाही. गुराखी केवळ गुरे अडवत नाही. तो ती पाहत असतो. कोणती गाय माजावर आली, कोणती मागे पडून चालते, ओल्या कोवळ्या चाऱ्यावर सोडल्यानंतर कोणाचे डावे पोट फुगू लागले, हे दिवसभर सोबत असणाऱ्याला ताबडतोब कळते. पोटफुगीत जनावर काही तासांत दगावते. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस शेतावर असता, म्हणजे उरलेले चार दिवस तुमच्या गाईंकडे पाहणारे कोणीच नसेल, आणि कुंपण जितके चांगले तितके हे पाहणे अनावश्यक वाटू लागेल. गुराखी मिळत नाही असे आपण म्हणतो तेव्हा देऊ केलेली मजुरी कारखान्याच्या निम्मीही नसते, हे आपण सांगत नाही. तीन-चार घरांनी मिळून एक माणूस पुऱ्या पगारावर ठेवण्याचा प्रयत्न तुमच्या गावात कोणी केला आहे का?

दुसरा मुद्दा वाटेचा. पश्चिम राजस्थानातले रायका आणि रेबारी मेंढपाळ मेंढ्या-उंट घेऊन माळव्यात येतात. पीक निघालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. हा व्यवहार आपल्याकडचे धनगरही करतात. हे कळप बांधांवरून, पडीक जमिनींवरून आणि चरनोईतून, म्हणजे गावाच्या सामाईक चराऊ जमिनीतून, पुढे सरकतात. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २३७ मध्ये निस्तार (सरपण-चाऱ्यासारख्या गावकऱ्यांच्या गरजा) आणि चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे, तरीही अशा जमिनी आक्रसत चालल्या आहेत, हे महू परिसरात फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. आज तुमचे चार बिघे, उद्या शेजाऱ्याचे वीस, आणि मग त्यांच्या मधली वाट कोणाची? ज्या इंदूरची राजवट धनगर कुटुंबात जन्मलेल्या मल्हारराव होळकरांनी उभारली, त्या इंदूरच्या मराठी माणसाने तरी हा प्रश्न किरकोळ मानू नये, असे मला मनापासून वाटते.

गवताला विश्रांती देण्याचा हिशेब जुलै ते ऑक्टोबर एवढाच चालतो. डिसेंबरनंतर ओलीत नसलेल्या काळ्या रानात चरलेले गवत पुन्हा फुटतच नाही. मग सहा तुकडे करून काय साधणार?

गोठ्यावरून

इतर मुद्द्यांवर नंतर लिहीन. आधी एका गोष्टीला माझा स्पष्ट आणि ठाम विरोध नोंदवतो. काटेरी तारेत झटका सोडू नका. झटक्याच्या कुंपणाचा सारा आधार हा आहे की जनावर स्पर्श करते आणि सुटते. काट्यात कातडी, आचळ किंवा शेपटीचा गोंडा अडकला की ते सुटत नाही आणि दर सेकंदाला झटका खात राहते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियमांत काटेरी तारेला असा प्रवाह जोडण्यास याच कारणाने मनाई आहे. जुनी तार ठेवायचीच असेल तर ती विजेविना ठेवा आणि तिच्या आतल्या बाजूला, काट्यांना लागणार नाही इतक्या अंतरावर, इन्सुलेटरच्या आधाराने गुळगुळीत जस्ताची तार ओढा.

गाईंना कुंपण शिकवावेही लागते, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. ज्या जनावराने झटका कधी घेतलेला नाही ते धावत येऊन तारेला भिडले, तर दचकून मागे नव्हे, पुढे पळते आणि तार तोडून बाहेर जाते. यासाठी गोठ्यालगत भक्कम भिंतीचे छोटे आवार निवडावे, भिंतीच्या आतून एक तार ओढावी आणि दोन-तीन दिवस गुरे तिथे मोकळी सोडावीत. कुतूहलाने ती नाक लावतात. नाक ओले असते, झटका नीट बसतो, आणि समोर भिंत असल्यामुळे मागे फिरण्याशिवाय वाट उरत नाही. त्यानंतर शेतात दोन तारा पुरतात : खालची सुमारे ५० सेंटिमीटरवर वासरांसाठी आणि वरची ८५ ते ९० सेंटिमीटरवर मोठ्या गाईंसाठी. शेळ्या असत्या तर चार-पाच तारा लागल्या असत्या.

खालची तार याहून खाली आणू नये, याला आणखी एक कारण आहे. दक्षिण आफ्रिकेत जमिनीलगतच्या तारेने कासवे आणि खवले मांजरे मेल्याच्या नोंदी आहेत. धोका वाटला की हे प्राणी पळत नाहीत, अंग आवळून तिथेच थांबतात. आपल्याकडे चोरलच्या जंगलालगत घोरपड, कासव आणि साळींदर यांची वाट अशा तारेखालूनच जाणार आहे.

चरनोई यांनी पोटफुगीबद्दल लिहिले आहे ते पूर्ण बरोबर आहे. ज्या दिवशी शेतावर कोणी नसेल, त्या दिवशी गुरे नव्या तुकड्यात सोडू नयेत.

तारजोड

देपालपूरच्या बाजूला गेली काही वर्षे मी अशी कुंपणे उभारतो आणि दुरुस्त करतो. यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांत मला धरा. मात्र 'मशीन लावले की झाले' हा धागाकर्त्यांच्या लेखनातला सूर मला मान्य नाही. बंद पडलेली जी कुंपणे मला पाहायला मिळाली, त्यांतल्या बहुतेकांत मशीन ठीक होते आणि अर्थिंग नव्हते.

झटका लागायचा तर प्रवाहाची फेरी पूर्ण व्हावी लागते : मशीनमधून तारेत, तारेतून जनावराच्या अंगात, खुरांतून जमिनीत, आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईवाटे परत मशीनमध्ये. ऑगस्टमध्ये काळी माती भिजलेली असते, त्यामुळे कुंपण उत्तम चालते आणि मालक निर्धास्त होतो. एप्रिल-मेमध्ये तीच माती वाळून भेगाळते, सळईच्या भोवती हाताचा पंजा जाईल एवढी फट पडते आणि फेरी तुटते. तारेवर व्होल्ट मोजणारा मीटर लावला तर आकडा चांगला दिसतो, पण गाय तार ओलांडून जाते. म्हणून निदान तीन जस्तलेपित सळया, प्रत्येकी सुमारे दोन मीटर खोल आणि एकमेकींपासून तीन मीटर अंतरावर, शक्यतो हौदाचे पाणी झिरपते अशा कायम ओल्या जागी ठोकाव्यात. घराच्या विजेच्या अर्थिंगला त्या जोडू नयेत. दोहोंत दहा मीटरचे तरी अंतर असावे. तपासणी मात्र उन्हाळ्यातच करावी. कुंपणावर दूर अंतरावर लोखंडी सळया टेकवून तारेचा दाब दोन हजार व्होल्टच्या खाली आणायचा आणि मग अर्थिंगच्या सळईवर मीटर लावायचा. तिथे तीनशे व्होल्टहून जास्त दाब दिसला तर आणखी सळया हव्यात. माती फारच कोरडी पडत असेल तर तिसरी तार अर्थिंगची म्हणून झटक्याच्या दोन तारांच्या मध्ये ओढावी. दोन्ही प्रकारच्या तारांना एकदम लागलेल्या जनावराला मातीच्या भरवशाविना झटका बसतो.

आता फाटक. एका शेतावर मी स्वतः केलेली चूक सांगतो. फाटकासाठी स्प्रिंगची तार लावली आणि प्रवाह तिच्या कायम अडकवलेल्या टोकाकडून दिला. गड्याने संध्याकाळी स्प्रिंगच्या मोकळ्या टोकाची धरायची मूठ काढून स्प्रिंग ओल्या गवतात टाकली. ती जिवंतच राहिली, सगळा प्रवाह गवतात उतरला आणि रात्रभर संपूर्ण कुंपण मेलेले होते. सकाळी सहा गाई रस्त्यावर सापडल्या. योग्य रचना याच्या उलट असते : मूठ ज्या बाजूला अडकते तिथे प्रवाह ठेवायचा आणि स्प्रिंगचे कायमचे टोक इन्सुलेटरवर बांधायचे, म्हणजे मूठ काढताक्षणी स्प्रिंग निर्जीव होते. फाटकापलीकडच्या कुंपणाला प्रवाह जमिनीखालून न्यायचा, आणि त्यासाठी घरातली वायर कधीही वापरायची नाही. तिचे आवरण काही शे व्होल्टसाठी असते. झटक्याच्या दाबाला ते जमिनीत फुटते आणि बिघाड महिनोन् महिने सापडत नाही. कुंपणासाठीच बनवलेली दुहेरी आवरणाची केबल पाइपात घालून पुरावी आणि पाइपाची दोन्ही तोंडे खाली वळवावीत, म्हणजे पाणी शिरत नाही.

देखभाल ही दर आठवड्याची गोष्ट आहे. पावसाळ्यात गवत आणि वेली तारेला भिडून दाब उतरवतात, तेव्हा तारेखालचा पट्टा कापलेला हवा. गाईंसाठी कुंपणाच्या शेवटच्या टोकाला तीन हजार व्होल्ट मिळालेच पाहिजेत. जस्ताच्या तारेला तांब्याची तार पिळून जोडू नये. सांधा गंजतो आणि ठिणगी पडू लागते. मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन कुंपणाच्या कडेने चालले, तर अशा सांध्याजवळ टकटक मोठी होते. वळिवाचा गडगडाट सुरू झाला की मशीन दोन्ही बाजूंनी सोडवून ठेवावे. रस्त्याच्या कडेने दर थोड्या अंतरावर हिंदीत इशाऱ्याच्या पाट्या हव्यात, आणि शेजाऱ्याचेही असेच कुंपण असेल तर दोहोंत किमान अडीच मीटरचे अंतर ठेवावे, म्हणजे कोणी एकाच वेळी दोन्ही कुंपणांना लागणार नाही.

माळवा-शेत (धागाकर्ता)

काटेरी तारेची माझी कल्पना चुकीची होती आणि ती मी मागे घेतो. उन्हाळ्यातल्या भेगांचा विचारही मी केलेला नव्हता. आमच्या विहिरीजवळची जागा वर्षभर ओलसर राहते, तिथे सळया ठोकता येतील.

चरनोई यांच्या दोन मुद्द्यांना मात्र मी वेगवेगळे उत्तर देतो. डिसेंबरनंतर गवत फुटत नाही हे खरे, पण तेव्हाही तुकडे उपयोगी पडतात : सारे कुरण एकदम मोकळे दिले तर गाई कोवळे वेचून खातात आणि उरलेले तुडवतात, पॉलीवायर थोडी थोडी पुढे सरकवली तर तेच वाळलेले गवत मार्चपर्यंत पुरवता येईल, असा माझा अंदाज आहे. माणसाच्या प्रश्नावर माझ्याकडे इतके चोख उत्तर नाही. शेजारच्या दोन घरांशी मी बोललो. त्यांना पूर्ण पगारात वाटा उचलणे परवडत नाही. मी एवढेच करू शकतो की गुराख्याच्या मजुरीतून जे वाचेल त्यातून एका माणसाला सकाळ-संध्याकाळ गुरे मोजण्याचे, पाहण्याचे आणि मीटर लावण्याचे काम पुऱ्या दराने देईन.

वाटेबाबत मी सहमत नाही. कुंपण माझ्या खातेदारीच्या जमिनीवर असेल, चरनोईवर नसेल, आणि बांधालगतची गाडीवाट मी तारेच्या बाहेर सोडणार आहे.

चरनोई

सकाळ-संध्याकाळ पाहणारा माणूस नेमणार असाल तर माझा पहिला आक्षेप बराच सौम्य होतो. दुपारची पोटफुगी त्यातून सुटेल, हे मात्र लक्षात असू द्या.

वाटेबाबत मी मागे हटत नाही. गाडीवाटेवरून बैलगाडी जाते. दोन-अडीचशे मेंढ्यांचा कळप तेवढ्या रुंदीत मावत नाही, तो दोन्ही अंगांना पसरतो, आणि पसरला की तारेला लागतो. लोकरीमुळे मेंढीच्या अंगाला झटका फारसा पोचत नाही, ती तारेतून आत घुसते, आणि मग मेंढपाळ व तुमचा माणूस यांच्यात भांडण होते. कळप येतात त्या बाजूला निदान पंधरा-वीस हात रुंदीचा पट्टा मोकळा ठेवा, आणि पीक निघाल्यावर सोयाबीनच्या सहा बिघ्यांत मेंढ्या बसवायच्या की नाही हे मेंढपाळांशी आधी बोलून ठरवा, कारण त्यांच्या लेंडीखताचा फायदा तुम्हालाच आहे.

तारजोड

पट्टा सोडायचा असेल तर तो खांब रोवण्याआधी ठरवा. कोपऱ्याचे खांब ताण घेतात, त्यांना तिरपे आधार द्यावे लागतात, आणि एकदा रोवल्यावर ते वीस हात मागे घेणे म्हणजे सगळी तार नव्याने ओढणे होय. त्या बाजूला दुसरे रुंद फाटकही आत्ताच धरा, म्हणजे मेंढ्या बसवायच्या वेळी तार कापावी लागणार नाही.