बैलगाडा शर्यत: कायद्याने परंपरा वाचवली की नवीच घडवली?

घाटावरचा:
२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. १८ मे २०२३ ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्यांच्या कायदादुरुस्त्या वैध ठरवल्या. मला वाटतं, पुणे जिल्ह्यातल्या खेड-जुन्नर-आंबेगावात पूर्वी शर्यत म्हणजे यात्रेतला एक दिवस. घाट (म्हणजे शर्यतीची धावपट्टी), बारी (गाड्याची धाव), भंडारा, विषय संपला. 'आमची अस्मिता' ती झाली बंदीमुळे. आज गाडीच्या काचेवर 'बैलगाडाप्रेमी' मिरवणाऱ्या किती पोरांच्या दावणीला बैल आहे?

दावणवाला:
माझ्या आहे, म्हणून बोलतो. ट्रॅक्टर आला आणि बैलाचं शेतातलं काम गेलं. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी, म्हणजे थकलेला बैल विकायची वाटही बुजली. त्यात शर्यतही नसली तर? खिल्लार खोंड जन्मला तर करायचं काय? शर्यती बंद होत्या तेव्हा आमच्याकडे खोंडाला गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. अस्मिता राहू द्या, हिशेबाचं बोला.

डॉक्टरीणबाई:
दादा, अडचण खरी आहे, पण तिचा भार बैलानेच का वाहायचा? २०१७ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांत चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही, वर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. बंदी आली नसती तर हे नियम आले असते? आणि सगळ्या घाटांवर ते पाळतात का, तुम्हीच सांगा.

दावणवाला:
सगळीकडे नाही पाळत. करा ना गुन्हे दाखल. चार जणांनी सिग्नल तोडला म्हणून कोणी रस्ता बंद करत नाही.

कलम_किडा:
मला खटकतं ते वेगळंच. २०१४ च्या निकालाने जल्लिकट्टूला, म्हणजे तमिळनाडूतल्या बैलाला कवेत धरण्याच्या खेळाला, तमिळ संस्कृती मानायला नकार दिला. २०२३ चा निकाल म्हणतो, संस्कृती आहे असं विधिमंडळाने ठरवलंय, आम्ही त्यात ढवळाढवळ करत नाही. म्हणजे आमदारांनी हात वर केले की झाली संस्कृती? जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी गर्दी उसळली, तमिळनाडूने अध्यादेश काढला, मागोमाग आपणही कायदा बदलला. ज्यांच्या रूढीमागे एवढी गर्दी नाही, त्यांनी कुणाच्या दारात जायचं?

घाटावरचा:
पण मग संस्कृती ठरवायची कोणी, दिल्लीतल्या न्यायमूर्तींनी? त्यापेक्षा आमदार परवडला, पाच वर्षांनी गावात येतो तरी.

डॉक्टरीणबाई:
येतो खरा, घाटाचं उद्घाटन करायला. बक्षिसाच्या फलकावर त्याचा फोटो बैलापेक्षा मोठा असतो!

दावणवाला:
ते मात्र बरोबर बोललात ताई. सरकी-पेंडेचा भाव विचारायला अजून एकही आला नाही.