‘लीजवर हॉट हॅच म्हणजे पैशाची राख’ म्हणणाऱ्यांना एक सविस्तर उत्तर

गिअरवाला (रेडिंग)

परवा याच फोरमवर एका महाशयांनी फर्मान काढलं: इथे ब्रिटनमध्ये लीजवर (म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याने) फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसारखी हॉट हॅच (दमदार इंजिनची छोटी हॅचबॅक) घेणारी आपली पोरं म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसून मिशीला पीळ देणारी. दोन वर्षं हप्ते भरायचे आणि शेवटी हातात काय, तर किल्ली परत केल्याची पावती. त्यापेक्षा पाच-सहा वर्षं जुनी गाडी रोखीत घ्यावी, ‘आपली’ तरी म्हणता येते. खाली ‘लाइक’च्या अंगठ्यांचा पाऊस. मला खरा राग आला तो त्या अंगठ्यांचा.

अहो, नवी गाडी शोरूमबाहेर पडली की किंमत घसरणारच, मग ती कोणाच्याही नावावर असो. लीजवाला ती घसरण अधिक व्याज दर महिन्याला भरतो. मालकही भरतो, फक्त त्याला ती विकायच्या दिवशी कळते. प्रश्न एवढाच की कोणाला स्वस्तात पडते. कंपनीला गाड्या खपवायच्या असल्या की ती लीजवाल्यांना घाऊक सूट देते. ती सूट तुम्हाआम्हाला शोरूममध्ये रोख मोजूनही मिळत नाही. म्हणून तर एखाद्या महिन्यात जीटीआय साध्या गोल्फच्या आसपास येते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आकाशात.

फसवणूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. जाहिरातीतला मासिक आकडा. या आठवड्यात मला आलेले दोन कोट (दरपत्रकं) बघा, दोन्ही जीटीआय, दोन्ही दोन वर्षांचे.

पहिला महिना २७९ पाउंड. वाचून कोणीही उडी मारेल. पण सुरुवातीला बारा हप्ते एकदम, मग तेवीस, वर ३०० पाउंड फी. एकूण १०,०६५. चोवीसने भागा, महिना ४१९.

दुसरा महिना ३४५. सुरुवातीला तीन हप्ते, मग तेवीस, फी नाही. एकूण ८,९७०, महिना ३७४.

म्हणजे ‘२७९ वाली’ हजारावर पाउंडांनी महाग! त्यात पहिल्या कोटात वर्षाला ५,००० मैलांची मुभा, दुसऱ्यात ८,०००. रोड टॅक्स दोन्हींत धरलेला. गाडीची लिस्ट प्राइस ४०,००० च्या वर गेली की दुसऱ्या वर्षापासून जो जादा टॅक्स लागतो, तोही लीज कंपनीच्या डोक्यावर. जीटीआयला दोन-चार ऑप्शन लावले की तो आकडा ओलांडायला वेळ लागत नाही. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग आणि टायर मात्र आपले.

एवढा हिशेब करून घेणारा माणूस मूर्ख असेल, तर असू द्या.

वसंतकाका (लेस्टर)

ते ‘महाशय’ म्हणजे मीच. नाव घ्यायला घाबरायचं कारण नव्हतं.

हिशेब छान मांडलात. पण तो नवी लीज विरुद्ध नवी विकत असा आहे. मी म्हणालो होतो जुनी. माझ्याकडे २०१९ ची फोर्ड फिएस्टा एसटी (फिएस्टाची हॉट हॅच) आहे. दीड लिटर, तीन सिलिंडर, २०० पीएस (अश्वशक्ती), रोखीत घेतलेली. मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसली, आणि जुलै २०२३ ला फोर्डने फिएस्टाच बंद केली, त्यामुळे धडधाकट एसटीला अजून गिऱ्हाईक आहे. तुमचे ८,९७० दोन वर्षांनी शून्य. माझी गाडी दोन वर्षांनी दारात.

आणि एक विचारतो. तुमच्या नव्या जीटीआयला क्लच पेडल आहे का? नाही. फक्त डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ह्युंदाईची आय-३० एन युरोपातून गेली, फोर्डची फोकस एसटी २०२५ मध्ये संपली. होंडाची सिव्हिक टाइप आर मॅन्युअल, पण तिच्याही निरोपाची घोषणा झालेली. मग लीजवर नक्की काय ‘हॉट’ घेताय? टचस्क्रीन?

गिअरवाला

काका, डीएसजीचं दुःख मलाही आहे, ते मान्य. पण ‘शून्य’ म्हणताना गेल्या हिवाळ्यातली बिलं विसरलात. टर्बोचा आवाज, मग इंजिनचा दिवा, मग ‘कोणी ओळखीचा मेकॅनिक आहे का’, हे सगळं तुम्हीच इथे लिहिलं होतं. माझी गाडी वॉरंटीत असते. दिवा लागला की ती डीलरच्या दारात आणि मी कोर्टसी कारमध्ये (डीलरने तात्पुरत्या दिलेल्या गाडीत).

बॅटरीबाबा (मिल्टन किन्स)

दोघेही २०१५ मध्ये अडकलेत. पगारातून कापून इलेक्ट्रिक घ्या, विषय संपला.

२०२५-२६ ला इलेक्ट्रिकवर बेनिफिट-इन-काइंड (नोकरीमार्फत घेतलेल्या गाडीच्या किमतीचा जो हिस्सा उत्पन्नात धरून कर लावतात तो) ३ टक्के होतं. समजा ३६,००० ची एमजी-४ एक्सपॉवर (इलेक्ट्रिक हॉट हॅच). करपात्र १,०८०, चाळीस टक्के आयकरवाल्याला वर्षाला ४३२ पाउंड कर. आता ४०,००० ची जीटीआय कंपनीकडून घ्या. पेट्रोलच्या तिला ३७ टक्के, म्हणजे १४,८००, कर ५,९२०. शिवाय इलेक्ट्रिकचा हप्ता कर कापण्याआधीच्या पगारातून जातो आणि बहुतेक योजनांत इन्शुरन्स-टायर आतच. ४३५ पीएस, शून्य ते ताशी बासष्ट मैल ३.८ सेकंदांत. तुमची जीटीआय आरशात दिसेल, आणि तीही लहान होत जाणारी.

गिअरवाला

आला! मी म्हणतच होतो अजून कसा आला नाही. लीजचा धागा असो की बटाटेवड्याचा, याला ३ टक्के सांगितल्याशिवाय झोप येत नाही.

आकडे बरोबर आहेत, नाही म्हणत नाही. पण एक्सपॉवर सरळ रस्त्यावरची राणी. वळणावर पावणेदोन टनांच्या वर वजन घेऊन काय होतं ते मी चालवून बघितलंय. आणि नोकरी गेली तर? गाडी नोकरी देणाऱ्या कंपनीच्या योजनेची, परत करा, योजनेत संरक्षण नसेल तर दंडही भरा. आयटीत सध्या काय चाललंय ते तुम्हाला मी सांगायला नको.

मधुरा_के (कोव्हेन्ट्री)

हप्त्यांचं सगळं झालं, पण गाडी परत देतानाचं कोणीच बोलत नाहीये. आमचा अनुभव सांगते.

पांढरी गाडी, लीजवर. आली त्या दिवशी सासूबाई इथेच होत्या. त्यांनी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, हळदीची बोटं ओढली, चाकाखाली लिंबू. सगळं हौसेने. रात्री पाऊस, दुसऱ्या दिवशी आम्ही कामाच्या गडबडीत. आठवड्याने धुतलं तर लाल गेला पण गुलाबी राहिला. नुसता बघितला तर दिसायचा नाही. तिरक्या उन्हात अख्खं स्वस्तिक उमटायचं.

गाडी न्यायला आलेला माणूस टॅबलेट आणि छोटी प्लास्टिकची पट्टी घेऊन आला. ओरखडा २५ मिलिमीटरच्या आत आणि खाली प्रायमर दिसत नसेल तर माफ, अलॉय चाकावर घासलेलं ५० मिलिमीटरपर्यंत माफ, हे सगळं इंडस्ट्रीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्याने नीट मोजलं. मग बॉनेटपाशी वाकला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. बिलात ओळ आली: ‘बॉनेट, केमिकल डाग, रीफिनिश’. दोनशे पाउंडांच्या वर. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

वसंतकाका

मुळात दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची पूजा करायचीच कशाला? लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नाव लीज कंपनीचं, कुंकू आपलं. हेच तर मी म्हणत होतो.

मधुरा_के

काका, भाड्याच्या घरात गणपती बसवत नाही का आपण? तिथे काय घराची रजिस्ट्री बघून बाप्पा येतो?

वसंतकाका

गणपती मूर्तीचा असतो, घराचा नसतो. वाहनपूजा वाहनाची असते. फरक आहे.

हिशेबनीस (स्लाव)

दसऱ्याला तुम्ही ऑफिसच्या लॅपटॉपला झेंडू वाहता, फोटो टाकला होतात. तो लॅपटॉप तुमच्या नावावर आहे का?

वसंतकाका

तो आयुधपूजेचा भाग. ज्या साधनावर पोट भरतं त्याची पूजा.

गिअरवाला

मग मी रोज याच गाडीने कामावर जातो, माझंही साधनच की. आणि तुमच्या व्याख्येने पुण्यातल्या निम्म्या गाड्यांची पूजा रद्द करायला हवी, आरसी बुकात बँकेचा बोजा चढलेला असतो.

बॅटरीबाबा

इलेक्ट्रिकला चाकाखाली लिंबू ठेवलं तर टॉर्क एवढा असतो की लिंबाचा रस थेट शेजाऱ्याच्या भिंतीवर.

शास्त्रोक्त (हॅरो)

थट्टा पुरे. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका कुटुंबाने नारळ फोडला, करवंटीचा तुकडा शेजारच्या गाडीच्या टायरखाली गेला आणि व्यवस्थापनाचं पत्र सगळ्या भारतीय भाडेकरूंना आलं. सगळ्यांना! अर्धे त्यातले गुजराती आणि तमिळ, त्यांचा काय संबंध? दोन वर्षांनी परत द्यायच्या गाडीसाठी हा तमाशा कशाला? कुंकवाची चिमूट डॅशबोर्डवर ठेवा, नमस्कार करा, झालं.

मधुरा_के

तमाशा? सत्तरीच्या बाईने मुलाच्या गाडीला कुंकू लावलं तो तमाशा? तुम्हाला तुमच्या इमारतीचं पत्र आलं त्याचा राग माझ्या सासूबाईंवर काढू नका. नाव ‘शास्त्रोक्त’ आणि सल्ला चिमूटभर.

शास्त्रोक्त

तुमच्या सासूबाईंबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा. वाचून राग आला तर तो तुमचा.

वसंतकाका

मी २००४ ला आलो तेव्हा इथे गाडी घेणं हीच पूजा होती. तुमची पिढी नको तिथे भावुक आणि नको तिथे हिशेबी.

गिअरवाला

झालं, २००४ आलं. काका, तेव्हाचे पेट्रोलचे भाव सांगितल्याशिवाय थांबू नका.

स्लावचा_नवा

मध्येच विचारतो, माफ करा. मी मार्चमध्ये आलो, स्किल्ड वर्कर व्हिसा. चाकणला होतो, फोक्सवॅगन पोलोच्याच लाइनवर, २०२२ ला ती बंद होईपर्यंत. आपल्याकडे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली ती ५३ लाखांना, त्यामुळे इथले हप्ते बघून डोकं फिरलंय. मला लीज मिळेल का? भारतीय लायसन्स आहे.

हिशेबनीस

शांतपणे सांगतो. बाकीचे अजून कुंकवात आहेत.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. पण बहुतेक लीजवाले इथलं लायसन्स आणि तीन वर्षांचे पत्ते मागतात, आणि कराराची मुदत व्हिसाच्या आत बसते का तेही बघतात. जमलंच तरी इन्शुरन्सचा कोट आधी काढा, मग गाडी पसंत करा. नवं लायसन्स, भारतातला नो-क्लेम (दावा न केल्याची सूट) सहसा कोणी धरत नाही, आणि वर जीटीआय! माझ्या चुलतभावाला आलेला प्रीमियम बघून त्याने कॅलेंडर तपासलं, महिन्याचा आहे की वर्षाचा म्हणून. शेवटी टोयोटा यारिस घेतली. जीआर (तिची हॉट हॅच) नव्हे, साधी हायब्रिड.

आणखी एक. परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत दंडाचे सहा पॉइंट लागले तर लायसन्स रद्द. लीज मात्र चालूच राहते, हप्ते भरत बसायचे. पीसीपीवर (हप्ते भरून शेवटी गाडी विकत घ्यायची मुभा असलेलं कर्ज) निम्मी रक्कम भरून झाली की १९७४ च्या कायद्याने गाडी परत देता येते. साध्या लीजला तो हक्क नाही, मध्येच सोडलं तर उरलेल्या हप्त्यांतला मोठा हिस्सा मागतात. लंडनजवळच्या डार्टफर्डचा टोल भरायला विसरलात तर दंडाचा कागद आधी लीज कंपनीकडे जातो, ती त्यावर स्वतःची फी लावून तुमच्याकडे पाठवते.

वसंतकाका

बघा. हे सगळं ज्याला सांभाळायचंय त्याने खुशाल लीज घ्यावी. जुनी एसटी घ्या, कोणाला उत्तर द्यायला नको.

गिअरवाला

चोराला द्यावं लागतं. कीलेस (किल्ली न फिरवता उघडणारी) एसटी आहे ना तुमची?

वसंतकाका

स्टिअरिंग लॉक लावतो. पिवळा. दिसायला भिकार आहे, पण लावतो.

असो. तुमचा ३४५ वाला कोट कोणत्या ब्रोकरचा? भाचा विचारतोय. मी नाही.

गिअरवाला

भाच्याला सांगा उशीर झाला. आज सकाळी फोन केला तर ती बॅच संपली. तीच गाडी, तेच ८,००० मैल, आता ३९२.

हिशेबनीस

३९२ गुणिले २६ म्हणजे १०,१९२. तुमचा तो ‘फसवा’ बारा हप्त्यांचा १०,०६५ होता ना? मग आता तोच १२७ पाउंडांनी स्वस्त.

गिअरवाला

मैल बघा, मैल! त्यात दोन वर्षांत ६,००० मैल कमी आहेत. जादा मैलाला १२ पेन्स, म्हणजे ७२० पाउंड वर.

हिशेबनीस

आठवड्यातले चार दिवस घरून काम करता असं तुम्हीच सांगितलंत ना गणपतीत? वर्षाला ८,००० मैल चालवता कुठे?

गिअरवाला

वेल्सला जातो.

वसंतकाका

वेल्सला! जिथे सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतून ताशी २० मैल. २६५ पीएस घेऊन. चालू द्या.