रात्री उठताना वडिलांचा तोल जातो: आधी काय करावे?

धागाकर्ती, पिंपरी

माझे आईवडील वाईला जुन्या घरात राहतात. बाबा ७९ वर्षांचे असून त्यांना रक्तदाब, मधुमेह आणि प्रोस्टेट या तिन्हींची औषधे चालू आहेत. अलीकडे एकदा पहाटे ते लघवीसाठी उठले आणि पलंगापासून दोन पावलांवरच कोसळले. हाड मोडले नाही, डोक्यालाही लागले नाही, पण तेव्हापासून आईला रात्री धड झोप नाही. न्हाणीघर मागच्या पडवीत आहे, वाटेत एक उंबरठा व एक पायरी आहे, आणि बाबा अजूनही पाटावर बसूनच अंघोळ करतात. काठीचा विषय काढला की "मी काय एवढा म्हातारा झालो का?" हे उत्तर ठरलेले असते. फरशी बदलून घ्यावी, काठी आणावी की रात्रीपुरता माणूस ठेवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

निवृत्त परिचारिका, मिरज

फरशीकडे नंतर वळा. तुम्ही लिहिले आहे त्यावरून ते घसरले नाहीत, तर अंथरुणातून उठल्याबरोबर कोसळले, आणि या दोन गोष्टींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून दाब सावरते, पण वय, मधुमेह आणि काही औषधे यांमुळे हे सावरणे मंदावते, मेंदूला काही क्षण रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे घरच्या रक्तदाबयंत्रावर तपासता येते. बाबांना पाच मिनिटे आडवे राहू द्या आणि दाब मोजा. मग उभे करून एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. त्या वेळी कोणीतरी जवळ उभे राहावे आणि चक्कर येऊ लागल्यास लगेच बसवावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बहुतेक वेळा खुर्चीवर बसवूनच दाब मोजतात, त्यामुळे कागदावर सगळे ठीक दिसते.

डॉक्टरांकडे जाताना औषधांची यादी नेऊ नका, घरातला गोळ्यांचा सगळा डबाच पिशवीत घालून न्या. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या उभे राहताना दाब उतरवू शकतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रीच्या खेपा वाढतात. झोपेची गोळी, किंवा सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गुंगीची गोळी असेल, तर पहाटे पाय लटपटणारच. शिवाय सर्दीच्या काही गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्व तपासण्याविषयीही विचारा, विशेषतः बाबा शाकाहारी असतील तर; ते कमी असले की तळपायांना मुंग्या येतात आणि अंधारात तोल राहत नाही. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत रात्री उठताना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचे, घोटे वरखाली हलवायचे आणि डोके हलके वाटत नाही याची खात्री करूनच उभे राहायचे. पलंगाखाली झाकणाचे युरिन पॉट ठेवले तर पहाटेची पडवीची फेरीच टळते. पुरुषमंडळी आधी नाक मुरडतात, पण थंडीच्या दिवसांत एकदा सवय झाली की स्वतःच मागतात.

आणखी एक सांगते. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी असेल आणि पुढेमागे डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी लगेच रुग्णालयात न्या. वाढलेली डोकेदुखी, उलटी, असंबद्ध बोलणे किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी ही लक्षणे मार लागल्यानंतर कित्येक दिवसांनीही दिसू शकतात.

एक वाचक, नाशिक

आमच्याकडे वडिलांचे पाणी संध्याकाळी पाचनंतर पूर्ण बंद केले. रात्रीचे उठणे थांबले.

निवृत्त परिचारिका, मिरज

असे सरसकट करू नये. शरीरात पाणी कमी झाले की दाब आणखी उतरतो. पाणी दिवसभरात व्यवस्थित प्यावे आणि झोपण्याआधीचे दोन तास कमी करावे. रात्रीचा चहा मात्र खुशाल सोडावा. संध्याकाळी पायांवर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडावे, म्हणजे पायांत साठलेले पाणी रात्री लघवीवाटे निघण्याऐवजी दिवसाच निघते. सूज नवीन असेल किंवा सोबत दम लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

बांधकाम व्यावसायिक, कोल्हापूर

सगळी फरशी बदलण्याची गरज नाही, आणि वयस्कर माणसे घरात असताना तोडफोड काढूही नये. न्हाणीघरापुरत्या खरखरीत टाइल्स बसवा. पाट आधी काढा, कारण ओल्या जमिनीवरून उठताना माणूस नळाचा किंवा बादलीचा आधार घेतो आणि दोन्ही दगा देतात. पायांना रबरी बूच असलेले, बसल्यावर गुडघे काटकोनात राहतील एवढ्या उंचीचे स्टूल ठेवा. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. आधारासाठी मुठीत नीट मावणारा स्टीलचा दांडा भिंतीत पक्का बसवावा लागतो. वाईकडच्या जुन्या घराची भिंत मातीची असण्याची शक्यता आहे, आणि तशा भिंतीत स्क्रू धरत नाहीत, तेव्हा गवंड्याला भिंत ठोकून पाहायला सांगा. पोकळ आवाज आला तर जमिनीपासून लोखंडी खांब उभा करून त्याला दांडा जोडावा. रबराच्या चोषणीने टाइलला चिकटणारे दांडे विकत मिळतात, ते घेऊ नयेत.

पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत माणूस हलला की आपोआप लागणारे दिवे लावा, आणि न्हाणीघराची आतली कडी काढून टाका.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे

काठी आणलीच तर मापाची आणा. पायांत नेहमीची चप्पल घालून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. एक गुडघा दुखत असेल तर काठी विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. टोकाचे रबर झिजले की बदलावे.

पण काठीपेक्षा मांड्यांची ताकद अधिक महत्त्वाची आहे. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणे आणि एका पायाच्या पुढे दुसरा पाय ठेवून उभे राहणे, हे रोज थोडे थोडे करावे. दाबाचा उलगडा होईपर्यंत कोणीतरी जवळ असताना करावे, आणि खुर्ची भिंतीला टेकलेली असावी. एक साधी चाचणीही करून पाहा: खुर्चीतून उठून ३ मीटर नेहमीच्या चालीने चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असे समजून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. घरात पायांत सपाता असतील तर मागे पट्टा असलेली चप्पल आणा आणि लेंगा घोट्याच्या वर राहील एवढा आखूड करून घ्या.

धागाकर्ती, पिंपरी

सर्वांचे आभार. रविवारी वाईला जाऊन दाब मोजला. आडवे असताना वरचा आकडा १४८ होता, उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११६ आला. डॉक्टरांनी गोळ्यांचा डबा पाहून एक गोळी सकाळी घ्यायला सांगितली, एक कमी केली आणि ब-१२ची तपासणी लिहून दिली. पाटाच्या जागी स्टूल आले आहे. बाबांनी यंत्रावरचे आकडे स्वतः पाहिल्यामुळे पलंगावर बसून घोटे हलवणे त्यांनी मनावर घेतले, काठी मात्र अजून नको म्हणतात. गोळ्या बदलल्यावर दाब पुन्हा किती दिवसांनी मोजावा?

निवृत्त परिचारिका, मिरज

पुढच्या भेटीपर्यंत रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, आडवे व उभे असे दोन्ही आकडे वहीत वेळेसह लिहा. फरक तसाच राहिला, किंवा आडवे असतानाचा दाब आता फार वर जाऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.