गाइडवायरवर काम घेतल्यास जावाचा अनुभव वाया जातो का?

आडवाट (प्रश्न)

गेली बरीच वर्षे मी बँकांसाठीच्या प्रणालींवर जावामध्ये काम करत आहे. आता एका विमा कंपनीच्या प्रकल्पात गाइडवायरवर काम करण्याविषयी मला विचारणा झाली आहे. गाइडवायर ही सॉफ्टवेअर कंपनी २००१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, २०१२ पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात तिची नोंदणी आहे, आणि ती आयुर्विम्याच्या वाटेला न जाता वाहन, घर, आग, तृतीय पक्षाचे दायित्व अशा मालमत्ता व दायित्व विम्यासाठीच सॉफ्टवेअर बनवते, एवढे मी वाचले आहे. माझी शंका गोसू या तिच्या प्रोग्रामिंग भाषेविषयी आहे. या उत्पादनांच्या बाहेर ती फारशी कोणी वापरताना दिसत नाही. काही वर्षे तिच्यात घालवल्यावर परतीचे दोर कापले जाणार नाहीत ना?

जुनी नोंदवही

गोसूची धास्ती घेण्याचे कारण नाही. ती जावाच्याच आभासी यंत्रावर चालते, जावाचे वर्ग तिच्यातून थेट वापरता येतात आणि गाइडवायरचा स्टुडिओ, म्हणजे कोड लिहिण्याचे साधन, जावावाल्यांच्या ओळखीच्या इंटेलिजेवर बेतलेला आहे. त्यामुळे जावा येणारा माणूस तिथे लवकर रुळतो. दमछाक होते ती विम्यामुळे.

बँकेच्या खात्यात नोंदी एकामागून एक पडत जातात आणि मागची नोंद सहसा कोणी उघडत नाही. पॉलिसीचे तसे नसते. समजा, वाहनाची पॉलिसी १ जानेवारीला सुरू झाली, १ जूनला तिच्यात दुसरे वाहन जोडले गेले आणि जुलैमध्ये ग्राहकाने कळवले की पहिले वाहन १ मार्चपासूनच वेगळ्या पत्त्यावर उभे असते. पत्त्यावर दर अवलंबून असल्याने हा मार्चचा बदल जूनच्या आधी बसवावा लागतो, पुढच्या प्रत्येक टप्प्याचा प्रीमियम दिवसांच्या हिशेबाने नव्याने काढावा लागतो, आणि एवढे करूनही जूनमध्ये ग्राहकाला दिलेला कागद जसाच्या तसा दाखवता यावा लागतो. कारण मधल्या काळात अपघात झालेला असेल, तर त्या दिवशी कंपनीला काय ठाऊक होते हा प्रश्न निघणारच. दोन्ही बदलांनी एकाच रकान्याला हात लावला असेल, तर कोणता ठेवायचा याचा निर्णय माणसाकडे येतो. क्रम सोडून आलेल्या या एंडॉर्समेंटची, म्हणजे चालू पॉलिसीतील बदलाची, यंत्रणा पॉलिसीसेंटर या गाइडवायरच्या पॉलिसी सांभाळणाऱ्या उत्पादनात तयार मिळते, आणि माझ्या मते विमा कंपन्या पैसे मोजतात ते मुख्यतः अशाच गोष्टींसाठी. संगणकावरचे पडदे काय, कोणीही रंगवून देईल.

हे एकदा अंगवळणी पडले की भाषा कोणती होती हे गौण ठरते.

दावाविभाग

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु निवडीची मुभा असेल तर सुरुवात क्लेमसेंटर या गाइडवायरच्या दावे हाताळणाऱ्या उत्पादनापासून करावी, असे सुचवेन. कंपनीचे पहिले उत्पादनही तेच होते. एका अपघाताचा एक दावा उघडला जातो, पण त्याच्या पोटात विमाधारकाच्या वाहनाचे नुकसान, समोरच्या वाहनाचे नुकसान आणि जखमी पादचाऱ्याची भरपाई अशा वेगवेगळ्या शाखा तयार होतात. प्रत्येक शाखेची राखीव रक्कम वेगळी आणि बहुधा ती हाताळणारा माणूसही वेगळा. वाहनाच्या दुरुस्तीचे पैसे चुकते होऊन ती शाखा बंद झाली, तरी इजेची शाखा न्यायालयीन निकालापर्यंत काही वर्षे उघडी राहू शकते, आणि तोवर तिची राखीव रक्कम कंपनीच्या ताळेबंदात देणे म्हणून दिसत राहते. हा आराखडा डोळ्यांसमोर असला की पॉलिसीवरील प्रत्येक संरक्षण कशासाठी मांडलेले आहे, हे आपोआप उलगडते. प्रीमियमच्या वसुलीचा हिशेब ठेवणारे बिलिंगसेंटर मात्र तुम्हाला बँकेच्या अनुभवामुळे जड जाणार नाही.

त्रयस्थ

परतीच्या दोरांविषयी सांगायचे तर हे क्षेत्र एकाच कंपनीचे नाही. २०२३ मध्ये व्हिस्टा इक्विटी पार्टनर्सने सुमारे २.६ अब्ज डॉलरला विकत घेतलेली डक क्रीक आहे, सेपियन्स आहे, इन्श्युरिटी आहे. त्यांची साधने निराळी असली तरी कोटेशन (दर सांगणे), बाइंडिंग (विमा पक्का करणे), नूतनीकरण, रद्दीकरण, पुनरुज्जीवन हे टप्पे सगळीकडे तेच आहेत, आणि नोकरी देणारे याच गोष्टी खोदून विचारतात.

आडवाट

सर्वांचे आभार. प्रकल्प स्वीकारण्यापूर्वी समोरच्यांना नेमके काय विचारावे?

जुनी नोंदवही

प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर आहे की गाइडवायरच्या क्लाउडवर, हे सर्वांत आधी विचारावे. क्लाउडच्या आवृत्त्या आस्पेन, बान्फ, कॉर्टिना अशा बर्फावरील खेळांच्या ठिकाणांची नावे घेऊन वर्णानुक्रमाने येत असतात आणि विमा कंपनीला त्यांच्याबरोबर चालावे लागते. तिथे बाहेरच्या प्रणालींशी जोडणीचे काम अपाची कॅमल या जावातील मुक्त जोडणी-साधनावर उभारलेल्या इंटिग्रेशन गेटवेमधून करता येते, म्हणजे तुमची जावा तिथे रोजच्या वापरात राहील. दुसरा प्रश्न असा की मूळ उत्पादनात त्यांनी स्वतःची भर किती घातली आहे. विस्तारासाठी राखून ठेवलेल्या जागा सोडून मूळ फाइलींमध्येच फेरफार केलेले असतील, तर पुढील काळ विमा शिकण्यापेक्षा आवृत्ती बदलताना जुने बदल नव्याशी जुळवण्यातच जाईल. या प्रश्नाला त्यांनी मोघम उत्तर दिले, तर संगणकावर प्रत्यक्ष दाखवण्याची विनंती करावी.