नाकापेक्षा मोती जड? पिकपला मोठे टायर-रिम टाकावेत का

निवांत_चालक:
मंडळी, पिकपचे कंपनीचे टायर पार गुळगुळीत झालेत, बदलायचेच आहेत तर मोठे टाकू असा किडा डोक्यात वळवळतोय. सध्या २६५/७० आर १७ आहेत (२६५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची). एक पर्याय म्हणजे रिम तीच ठेवून २८५/७० आर १७, म्हणजे लोक ज्याला ३३ इंची म्हणतात ते, आणि दुसरा थेट २० इंची रिम आणि त्यावर २७५/५५. गाडी एरवी डांबरी रस्त्यावरच असते, महिन्यातून दोनदा मागे ट्रेलर, आणि कधीमधी नदीकाठच्या गोट्यांत. माझं मत मोठ्याच टायरकडे झुकलंय, कंपनीचे टायर म्हणजे पैलवानाच्या पायात पोराच्या चपला. बोला आता.

चिखलखाऊ:
२८५ घे भावा, डोळे झाकून. लोक आधी लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारा संच) लावून येतात आणि गाडी उंच झाली म्हणून खूश होतात, अरे पण वर गेली ती बॉडी, मागचा डिफरन्शियलचा गोळा (मागच्या दोन चाकांच्या मधे लोंबणारा गिअरचा डबा) होता तिथेच आहे आणि दगडाला पहिला तोच आपटतो. तो गोळा वर उचलायचा असेल तर टायरच मोठा लागतो. २० इंचीचा नाद सोड, पुढे मागे रडशील.

शंकासुर:
गोळा उचलला किती जातो तेही सांगा की राव. २६५/७० चा व्यास ८०३ मिमी, २८५/७० चा ८३१. फरक २८, त्यातला निम्मा चाकाच्या वर जातो, म्हणजे खाली मिळाले १४ मिमी. करंगळीएवढे! आणि त्या करंगळीसाठी चारही चाकं जड करायची, गिअरिंग साडेतीन टक्के लांब करून घ्यायचं (चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे, पण ओढ कमी) म्हणजे ट्रेलर घेऊन चढावर एक गिअर खालीच चालवा, ब्रेकलाही मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागणार. याला माझी आजी नाकापेक्षा मोती जड म्हणायची.

चिखलखाऊ:
करंगळी तर करंगळी, गोळा घासून जाणं आणि गोळा अडकणं यात तेवढंच अंतर असतं कधीकधी, ते तुम्हाला गाडीखाली पालथं पडून खड्डा खणावा लागला की कळेल. आणि उंची सोडा, साइडवॉल बघा, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची बाजू, १८५ मिमीचं जवळजवळ २०० होतं. रेतीत ३५ पीएसआयची हवा २० वर आणली की टायर पसरून लांब होतो आणि गाडी तरंगते, ते काम रबर करतं, रिम नाही.

वीसइंची:
मग मी बोलतोच. माझ्याकडे २०च आहेत आणि मला दिसतात म्हणून आवडतात, झालं समाधान? इथे प्रत्येकाला स्वतःची गाडी डोंगर चढणारी वाटते, खरं तर निम्म्या गाड्यांनी शेवटचा चिखल गाडी धुवायच्या जागेवरच पाहिलाय. २७५/५५ आर २० चा व्यास ८१० मिमी, म्हणजे कंपनीच्या टायरपेक्षा जेमतेम ८ जास्त, मीटर बिघडत नाही, गिअरिंग बिघडत नाही, कुठे घासत नाही. साइडवॉल कमी म्हणून वळणावर गाडी कमी लचकते, लेन बदलताना लगेच जाणवतं. तोटा एकच, खड्ड्यात जीव मुठीत. एकदा तर अंधारात खड्डा दिसलाच नाही, रिमची कड चेपली आणि टायरला आतून लिंबाएवढा फुगा आला, तो टायर टाकून द्यावा लागला. तरीही घेतले असते. हौसेला मोल नाही.

ग्रीसचे हात:
सगळे व्यासावर भांडताय, गाडी खोलायला येते ती वेगळ्याच कारणांनी. गेली बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा लांबण लावतो.

निवांतराव, आधी ठरवा रिम बदलायची आहे का. टायर बदलला तर एक प्रश्न येतो, रिम बदलली तर चार. सहा नटांचं १३९.७ मिमीचं माप (नटांच्या वर्तुळाचा व्यास) जुळलं की रिम बसली असं लोक धरून चालतात, पण मधलं भोक कोण बघतो? हायलक्स आणि रेंजर या दोन पिकपच घ्या, हायलक्सचं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) १०६ मिमीचं, रेंजरचं ९३ चं. रेंजरची रिम हायलक्सवर चढणारच नाही हे निदान लगेच कळतं, उलटं केलं की गंमत, रिम आरामात चढते पण मधे १३ मिमी मोकळं, मधोमध बसवायला रिंग टाकली नाही तर रिम नुसती नटांवर टांगलेली, जरा चुकीची कसली गेली की ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं आणि मालक बिचारा तीन तीनदा बॅलन्सिंग करून थकतो.

दुसरं ऑफसेट, म्हणजे रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते, आकडा कमी तेवढं चाक बाहेर. माझ्याकडे एक गाडी आली, कंपनीची रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट अधिक ३०, मालकाने टाकली ९ इंच रुंद, ऑफसेट शून्य. हिशेब केला तर बाहेरची कड ४९ मिमी बाहेर आली आणि आत ११ मिमी मोकळे झाले. मालक म्हणे आत जागा वाढली, आता घासणार कसं? तरी घासत होतं, कारण चाक बाहेर सरकलं की वळताना त्याचा घेर मोठा होतो, ते पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे लायनरला (चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) जाऊन भिडतं. टायरच्या खांद्यावर काळ्या प्लास्टिकचा कीस चिकटलेला होता, खोबरं किसल्यासारखा. वर चिखलाचे शिंतोडे थेट आरशापर्यंत, आणि बेअरिंगवर वाढलेला ताण दिसत नाही म्हणून कोणी धरत नाही.

घासतं का ते बघायचं तर गाडी सपाट उभी करून स्टेअरिंग फिरवू नका, तसं कधीच घासत नाही. टायरच्या खांद्यावर खडू फासा, पुढचं एक चाक ठोकळ्यावर चढवून सस्पेन्शन दाबलं जाईल असं बघा, मग स्टेअरिंग एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. तसंच रिव्हर्समध्येही करा, बरेचदा तिथेच लागतं. खडू पुसला गेला तिथे लागलं.

शंकासुर:
हे बरं सांगितलंत. पण भार कोण बघणार? टायरवरचा आकडा वाचा, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. मोठा टायर म्हणजे जास्त भार घेणारा असं काही नाही. ट्रेलरचा भार मागच्या एक्सलवर येतो, दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका, दिसायला तो कितीही दांडगा असो. आणि मीटर, २८५ वर काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या वर असेल.

चिखलखाऊ:
मीटर मुळातच थोडं जास्त दाखवतं हो. संयुक्त राष्ट्रांचा ३९ नंबरचा नियम बघा, काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, त्यामुळे कंपन्या आधीच वाढवून ठेवतात. २८५ ने तो उलट खऱ्याच्या जवळ येतो.

शंकासुर:
जवळ येतो का ओलांडून जातो ते जीपीएस लावून बघा, अंदाजपंचे नको. आणि किलोमीटर कमी मोजले जातात हे विसरू नका, नंतर तुम्हीच मायलेज पडलं म्हणून बोंब मारणार, त्यातलं साडेतीन टक्के नुसतं मोजमापाचं असतं.

वीसइंची:
माझं मीटर बरोबर आहे 😌

निवांत_चालक:
खडूचा प्रयोग केला. मित्राकडून २८५ चं एक चाक उसनं आणलं, आधी डावीकडे लावलं, मग उजवीकडे. उजवीकडे काहीच नाही, डावीकडे रिव्हर्समध्ये मडफ्लॅपला बोटभर खडू पुसला गेला, तो फ्लॅप गरम करून मागे वळवता येईल असं दिसतंय. २० इंचीचा विचार सोडला, वीसइंचीभाऊ रागावू नका. २८५ घेतोय, रिम तीच, भाराचा आकडा १२१. तेच चाक हौद्याखाली स्टेपनीच्या जागेत लावून बघितलं, बसतं, पण एक्झॉस्टच्या पाइपापासून जेमतेम दोन बोटं राहतात.

ग्रीसचे हात:
दोन बोटं कमी आहेत, मधे उष्णतेचा पत्रा टाका. जुनी २६५ चीच स्टेपनी ठेवायचा मोह होईल, ठेवली तर मागच्या एक्सलला लांबवर पळवू नका आणि फोर व्हील तर लावूच नका, दोन मापांची चाकं कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) पिळून काढतात.

शंकासुर:
दोन बोटं म्हणजे कोणती, करंगळी का अंगठा?