खिम्यावरचा बटाटा दर वेळी बुडतो, काय चुकतंय? (शेफर्ड्स पाय)

तीनदा केला, तीनदा फसला. चौथ्यांदा खिमा वाया घालवण्याआधी इथे विचारते.

बाबांना नवी कवळी बसवली आहे. हिरड्या अजून दुखतात, त्यामुळे चावायचं नाव नाही. गेले तीन आठवडे सगळं गिळगिळीत खाऊन त्यांचं डोकं फिरलंय. "मला माणसाचं जेवण दे, तान्ह्या पोराचं नको," असं परवा ठणकावून झालं. तेव्हा मला शेफर्ड्स पाय सुचला. खाली खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला. मऊ तर मऊ, पण चव मटणाची. नाव सांगितलं तर म्हणाले, "मेंढपाळाचा पाय? मग तो चावायला नको का?" असो.

काय काय झालं ते सांगते, म्हणजे निदान करायला बरं.

सामान असं: मेंढीचा खिमा अर्धा किलो, मोठा कांदा एक, गाजरं दोन, लसूण, चमचाभर टोमॅटो पेस्ट, दोन कप स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), मूठभर मटार. वरच्या थराला पाऊण किलो बटाटे, लोणी, दूध.

पहिल्यांदा बटाट्याच्या बारीक फोडी करून कुकरला लावल्या. त्या पाणी पिऊन टच्च झाल्या आणि कुस्करल्यावर नुसतं पिठलं. खिम्यावर घातलं ते सरळ खाली गेलं. वीस मिनिटांनी ओव्हन उघडला तर वर रस्सा आणि तळाला बटाटा. उलटा पाय.

दुसऱ्यांदा दूध कमी घातलं आणि गुठळी राहू नये म्हणून बटाटा मिक्सरला फिरवला. हा माझा अतिशहाणपणा. चमचा वर उचलला तर त्याच्याबरोबर हातभर तार. शुद्ध खळ. पाकिटं चिकटवता आली असती.

तिसऱ्यांदा हाताने कुस्करला, थर छान बसला, मी खूश. पंधरा मिनिटांनी कडेकडेने रस्सा उकळून वर आला, ओव्हनच्या तळाशी सांडून जळला, घरभर धूर. वाढताना चौकोन उचलला तर निम्मा ट्रेमध्येच राहिला आणि ताटात सूप. शिवाय वरून पांढराफटक.

तर रस्सा नेमका किती दाट हवा? बटाटा कसा घ्यायचा? आणि येत्या रविवारी दादा-वहिनी जेवायला आहेत, तेव्हा शनिवारी रात्री रचून ठेवून रविवारी भाजला तर चालेल का? कृपा करून मापं "अंदाजे" सांगू नका. माझा अंदाज कसा आहे ते वर दिसतंच आहे.

चुलीपाशी

अर्ध्या किलोला दोन कप स्टॉक? मग बटाट्याने पोहायचं नाही तर काय करायचं! ३०० मिली पुरे, म्हणजे सव्वा कप. आणि तोही आटून बराच कमी व्हायला हवा.

तुमच्या यादीत मैदा दिसत नाही. लिहायचा राहिला की घातलाच नाही? कांदा-गाजर मऊ झाल्यावर, स्टॉकच्या आधी, एक मोठा सपाट चमचा मैदा भुरभुरवायचा आणि मिनिटभर परतायचा, कच्चा वास जाईपर्यंत. मग स्टॉक घालून एकदा खळखळून उकळी आणा, त्याशिवाय मैदा पुरता आळत नाही. पुढे मंद आचेवर अर्धा तास, उघडंच. झाकण ठेवलंत की सगळी वाफ पुन्हा आत.

खिमा मात्र भाज्यांच्या आधी परता आणि बाजूला काढून ठेवा, स्टॉकबरोबर परत आत. पातेलं चांगलं तापलं की खिमा पसरायचा आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. दोन-तीन मिनिटं हलवायचा नाही. अर्धा किलो एकदम लोटला तर तो पाणी सोडतो, स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि करडा पडतो. तांबूस होत नाही, मग चव कुठून येणार? दोन खेपांत करा. मेंढीच्या खिम्याला चरबीही भरपूर सुटते, चमचाभर ठेवून बाकीची काढून टाका. वर तवंग येतो तो तिचाच.

झालं की नाही ते बघायला डावाने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढा. रेघ क्षणभर उघडी राहून मग सावकाश मिटली तर झालं. लगेच मिटली तर अजून आटवा.

शेवटी चमचाभर वूस्टर सॉस घाला. जादू करतो.

धागाकर्ती

मैदा घातलाच नव्हता. म्हटलं बटाटा आहेच की, तो करेल दाट. त्याने केलंही, पण स्वतः बुडून.

वूस्टर सॉसमध्ये काय असतं? वहिनीला माशांची ॲलर्जी आहे.

चुलीपाशी

बरं झालं विचारलंत. त्यात अँकोव्ही मासे असतात, तेव्हा तो मुळीच नको. काही कंपन्या बिनमाशाचाही करतात, पण लेबल शब्द न् शब्द वाचून घ्या. तुम्ही सरळ अर्धा चमचा सोया सॉस घाला आणि मीठ त्या मानाने कमी. स्टॉक विकतचा असेल तर त्याचंही लेबल बघा.

अर्धा_कप

मिक्सरवाल्या प्रसंगाला कोपरापासून नमस्कार. मीही केलंय ते.

बटाट्याच्या पेशींत स्टार्च असतो, तो शिजताना पाणी पिऊन फुगतो. हलक्या हाताने कुस्करलं तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण बहुतेक शाबूत राहतात. मिक्सरची पाती त्यांना फाडतात, आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार. मग वर कितीही लोणी ओता, ती काही परतत नाही. तो बटाटा सूपमध्ये घालायचा आणि गप्प बसायचं.

गुठळी नको असेल तर पुरणयंत्र काढा. बटाटे गरम असतानाच त्यातून काढायचे, कणभर गुठळी राहत नाही आणि तारही येत नाही. पुरणयंत्र नसेल तर भोकं जरा मोठी असलेल्या चाळणीवर डावाने दाबून काढा. हात भरून येतो, पण कवळीसाठी तेवढं सोसा.

बटाटा पिठूळ हवा, शिजल्यावर भुगा होणारा. जो शिजूनही फोड धरून ठेवतो, चिकट लागतो, तो नको. दिसण्यावरून कळत नसेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि एक बटाटा सोडून बघा. पिठूळ जड असतो, तो तळाला जातो. चिकट तरंगतो. म्हणजे तुमचा बटाटा बुडायलाच हवा होता, फक्त दुसऱ्या भांड्यात!

कुकर नको. लिंबाएवढ्या सारख्या फोडी करून गार मिठाच्या पाण्यात घाला आणि मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरून फुटतात आणि आत कच्च्या. सुरी अलगद आत गेली की निथळा, आणि त्याच गरम पातेल्यात परत टाकून मंद आचेवर दोन मिनिटं हलवा. आधी वाफ भसाभस निघते, मग फोडींच्या कडा पीठ लावल्यासारख्या पांढऱ्या दिसायला लागतात. तिथे थांबा. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग दुधाला दोष देतात.

किलोभर बटाटे घ्या, पाऊण किलोत थर पातळ होतो. आधी ७५ ग्रॅम लोणी, ते जिरलं की गरम दूध, जास्तीत जास्त १०० मिली, तेही थोडं थोडं. मॅश चमच्यात घेऊन चमचा उलटा धरा. पडला तर दूध जास्त झालं.

खरपूस

वर बरंच आलंय, राहिलेलं मी सांगतो. खिमा ट्रेमध्ये घालून गार होऊ द्या. गरम रश्श्यावर मॅश टिकत नाही, पसरतो. वरून सायीसारखा आळला की मग पुढचं काम.

मॅश मधोमध ओतून पसरवायचा नाही. आधी कडेकडेने चमचा-चमचा लावत जायचं, ट्रेच्या भिंतीला टेकवून, विहिरीला कठडा बांधतात तसा. मग आत यायचं. तुमचा रस्सा वर आला तो कडेच्या फटीतूनच, पैजेवर सांगतो.

रंगासाठी मॅशमध्ये एका अंड्याचा बलक. वरून काट्याने खोल रेघा, उंचवटे तेवढे भाजून निघतात. २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं, खालच्या खणात सांडलेलं झेलायला एक रिकामा ट्रे. तरी रंग कमी वाटला तर शेवटची तीन मिनिटं ग्रिल लावा, पण समोरून हलू नका, फोनही घेऊ नका. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. तुम्ही लगेच कापला होतात ना?

धागाकर्ती

हो. बाबा चमचा घेऊन बसले होते.

जुनी_पानं

जरा अवांतर. नाव शेफर्ड्स पाय असेल तर खिमा मेंढीचाच, बीफ असेल तर तो कॉटेज पाय, असा हल्लीचा ब्रिटिश दंडक. धागाकर्तीचा खिमा मेंढीचा आहे, तेव्हा नाव बरोबर. पण हा दंडक काही फार जुना नाही. कॉटेज पाय हे नाव १७९१ पासून सापडतं, शेफर्ड्स पाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलं आणि तेव्हा दोन्ही नावं सरमिसळ वापरायचे. मुळात हा पदार्थ उरलेल्या भाजक्या मांसाचा. आदल्या दिवशीचं मांस बारीक करायचं आणि बटाट्याखाली झाकायचं. फ्रान्समध्ये त्यालाच हाशी पार्मांतिये म्हणतात, पार्मांतिये (१७३७–१८१३) या औषधशास्त्रज्ञाच्या नावावरून. हा गृहस्थ सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या कैदेत असताना बटाट्यावर जगला आणि सुटून आल्यावर जन्मभर फ्रेंच लोकांना बटाटा खा म्हणून सांगत राहिला. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मधे मक्याच्या दाण्यांचा थर देतात, त्याचं नाव पाते शिन्वा.

खरपूस

मक्याचा थर भारी लागतो. पण कवळीखाली दाणा अडकला तर धागाकर्ती आपल्याला धरून मारेल.

भांडीवाली

आदल्या रात्रीचं कुणी बोललंच नाही. चालेल, उलट जास्त बरं. रात्रभर फ्रिजमध्ये खिमा घट्ट बसतो आणि चौकोन सुबक निघतात. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, आणि खोल पातेल्यात ठेवू नका, मधला भाग तासन् तास कोमट राहतो. पसरट ट्रेमध्ये लवकर निवतो. मॅशही निवू द्या, मग रचून झाकून ठेवा.

आता महत्त्वाचं. ट्रे काचेचा असेल तर फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका. माझा एक असाच तडकला. आतला पाय, काचा, सगळं कचऱ्यात. रचायला धातूचा किंवा एनॅमलचा ट्रे घ्या.

गार असताना वेळ जास्त लागतो. १९० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, पहिली वीस मिनिटं फॉइल लावून. वरून भाजला म्हणजे आत तापला असं नाही. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस यायला हवेत. नसेल तर सुरी मधोमध खुपसून दहा सेकंद ठेवा आणि पातं हाताला लावून बघा. चटका बसला पाहिजे.

धागाकर्ती

रविवार, रात्र. हिशेब देते.

११ वाट्या पाण्यात दोन जातींचे बटाटे सोडले. एक खरंच तरंगला, एक दगडासारखा खाली गेला. आजवर तीनही वेळा मी तरंगणारा वापरत होते! खिमा दोन खेपांत परतला, आणि पातेल्याला खाली जो तांबूस थर धरतो तो स्टॉकने सुटला तेव्हाच वास बदलला. तळाशी रेघ ओढून बघितली, ४० मिनिटं लागली, अर्धा तास नाही. कठडा बांधला. रस्सा एका कोपऱ्यातून तेवढा डोकावला, बाकी कुठे नाही.

पंधरा मिनिटं ट्रेवर पहारा दिला. मग कापला, आणि चौकोन ताटात उभा राहिला. कडेला खिमा, गाजर, वर बटाटा, सगळं वेगवेगळं दिसत होतं. वहिनीने फोटो काढला.

मॅशला मीठ कमी पडलं, ते माझंच. बाबांना मी मधला मऊ भाग वाढला, तर त्यांनी तो बाजूला सारून कोपऱ्यातला कडक खरपूस तुकडा मागून घेतला, हिरड्या दुखत असताना. दोन्ही कोपरे संपवले आणि म्हणाले, "एक पाय झाला. दुसरा कधी?"

एकच राहिलं. मटार काळपट हिरवे झाले आणि साली जाड लागल्या. ते कधी घालायचे?

चुलीपाशी

गोठवलेले असतील तर गॅस बंद केल्यावर, तसेच, न शिजवता. पुढे ओव्हनमध्ये शिजतात. ताजे असतील तर दोन मिनिटं उकळून निथळून घाला. आणि बाबांसाठी नुसतं गाजर घातलं तरी चालेल, मटाराची साल कवळीखाली जातेच.