बाबांना स्ट्रोक, शुगर आणि सीआरपी दोन्ही वाढलेत, म्हणजे झटका मोठा आहे का?

सोलापूरकर_७७
बाबा ६८ वर्षांचे, १६ वर्षांपासून शुगर. परवा सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तोंड वाकडं, बोलणं बोबडं, उजवा हात लुळा. आता अ‍ॅडमिट आहेत. आल्याआल्या शुगर २८६, एचबीए१सी ९.४, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३८, होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) ३१. फाइलवर एनआयएचएसएस ९ लिहिलंय. डॉक्टर राऊंडला दोन मिनिटं येतात, विचारायचं राहूनच जातं. आणि काका मागे लागलेत की इन्सुलिन वाढवून शुगर आजच १०० वर आणायला सांग. कुणाला यातलं कळतं का?

लॅबवाला
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, आधीच सांगतो. झटका किती मोठा ते रक्तावरून ठरत नाही, त्यासाठी तो एनआयएचएसएसच बघायचा, हात उचला, डोळे फिरवा, चित्र ओळखा असं करून ० ते ४२ मध्ये मार्क देतात, जितके जास्त तितका झटका मोठा. ९ म्हणजे मध्यम. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतो, ९.४ म्हणजे सरासरी साधारण २२३. मग २८६ मधली वरची वाढ झटक्याच्या ताणाचीही असू शकते, शरीर अशा वेळी कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची हार्मोन्स सोडतं. अशी शुगर वाढलेल्यांची रिकव्हरी बरेचदा अवघड जाते हे खरं, पण शुगरमुळे झटका मोठा की मोठ्या झटक्यामुळे शुगर वाढली, हे एका आकड्यावरून कुणीच सांगू शकत नाही. हिमोग्लोबिन किती आहे? अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सी पण फसवतो.

मिरजेची_माई
सीआरपीचं माझ्याकडून ऐक. आईला असाच झटका आला होता, दुसऱ्या दिवशी मावशीने मायेने चमच्याने पाणी पाजलं, ते गेलं फुफ्फुसात, ठसका पण नाही आला गं बाई, आणि तिसऱ्या दिवशी ताप आणि सीआरपी शंभरच्या वर!! झटक्याने सीआरपी वाढतोच पण इन्फेक्शनने पण वाढतो, छातीचं, लघवीचं. बाबांची गिळण्याची टेस्ट झाली का ते आधी विचार. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नको, कोणी कितीही डबे घेऊन येऊ दे.

निशाचर
काकांना आवरा 😅 २०१९ मध्ये शाइन नावाची ट्रायल आली, अमेरिकेत, शुगर वाढलेले हजारावर स्ट्रोकचे पेशंट. एका गटात इन्सुलिनच्या ड्रिपने शुगर ८० ते १३० ठेवली, दुसऱ्यात १७९ पर्यंत चालवून घेतली. ९० दिवसांनी रिकव्हरीत फरक नाही, उलट शुगर ४० च्या खाली गेलेले सगळे पहिल्या गटातले. म्हणून साधारण १४० ते १८० मध्ये ठेवतात. होमोसिस्टीनचं म्हणाल तर बाबा मेटफॉर्मिन घेतात का, शाकाहारी आहेत का? दोन्हीने बी१२ घटतं आणि मग होमोसिस्टीन चढतं. बी१२ तपासून घ्या, कमी असेल तर इंजेक्शनं देतील, पण त्याने आत्ताचा झटका ओसरेल असं नाही.

सोलापूरकर_७७
मेटफॉर्मिन १० वर्षं, आणि पक्के माळकरी. हिमोग्लोबिन १०.२. गिळण्याची टेस्ट झालीच नव्हती, सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या फिजिओवाल्या मॅडम चारला येतील. आत्याने शहाळं आणलंय, ते मीच पिऊन टाकलं.